सातव्या आठवड्यात खुबा पुन्हा दुखला, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

खुबा बदलण्याचं ऑपरेशन झालं की एक मजकूर कुठून ना कुठून मोबाइलवर येऊन पडतो. माझ्याकडे तो आला नेमका नको त्या दिवशी. त्यातली विधानं थोडक्यात अशी: सहा आठवड्यांत दुखणं पूर्ण थांबलंच पाहिजे. बरं वाटू लागल्यावर पुन्हा दुखलं, तर नवा सांधा सैल झाला किंवा सरकला. दुखलं की व्यायाम बंद करून झोपून राहावं. पेनकिलर घेतल्या की हाड भरत नाही, म्हणून सहन करावं. आणि शेवटचं, मन खंबीर असेल तर दुखत नाही.

पाठवणाऱ्या मावसबहिणीच्या मनात काळजीच होती. पण या पाच वाक्यांमुळे मी घाबरून अंथरुणाला खिळले, आणि त्याचा मला त्रासच झाला. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"सहा आठवड्यांत दुखणं थांबलंच पाहिजे."

साधारण सहा आठवड्यांनी सर्जन तपासणीला बोलावतात. तोवर वरची जखम भरलेली असते, आतले शिवलेले भाग बऱ्यापैकी जुळलेले असतात आणि एक्स-रेमध्ये सगळं जागेवर आहे ना हे बघता येतं. ती तपासणीची तारीख आहे. दुखणं त्या तारखेला संपतं असं कोणी ठरवलेलं नाही.

आत काय केलेलं असतं ते आठवून बघा. मांडीच्या हाडाचं डोकं कापून काढतात, हाडाच्या पोकळीत दांडा ठोकून बसवतात, कमरेच्या हाडातली खोबण कोरून तिच्यात नवी वाटी दाबून बसवतात. तिथवर पोचायला स्नायू बाजूला सारावे लागतात, काही पद्धतींत कापून परत शिवावे लागतात. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात हाड धातूच्या खडबडीत पृष्ठभागात वाढत जातं. त्याची पहिली पकड काही आठवड्यांत येते, पण पुरतं रुजायला कित्येक महिने लागतात. पायावरची सूज तर तीन-तीन, सहा-सहा महिने ये-जा करत राहते. शिवाय ऑपरेशनच्या आधी आपण वर्षानुवर्षं लंगडत चाललेलो असतो. तेवढ्या काळात वाळलेले स्नायू दीड महिन्यात कसे भरून येणार? बहुतेकांना तीन महिन्यांपर्यंत बरंच हलकं वाटतं, हे खरं. सुधारणा मात्र वर्षभर चालू असते.

आणि काहींचं दुखणं त्यानंतरही उरतं. 2012 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. खुबा बदलल्यावर दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण त्यात वेगवेगळ्या अभ्यासांनुसार 7 ते 23 टक्के निघालं. म्हणजे मोठ्या बहुसंख्येला चांगला आराम मिळतो, पण उरलेली माणसंही थोडीथोडकी नाहीत. त्यांना "थांबलंच पाहिजे होतं" असं सांगितलं की ती दुखणं लपवायला लागतात.

"पुन्हा दुखलं म्हणजे सांधा सैल झाला किंवा सरकला."

मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते या वाक्याने. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

धातूला, सिरॅमिकला आणि प्लॅस्टिकला दुखत नाही. दुखतं ते त्यांच्या भोवतीचं हाड, स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या आणि नसा. त्यामुळे दुखलं की आधी बघायचं, नेमकं कुठे दुखतंय. जांघेत पुढच्या बाजूला, पाय उचलताना दुखत असेल, तर बऱ्याचदा पाय वर घेणाऱ्या स्नायूची दोरी चिडलेली असते. बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर तिथला नितंबाचा स्नायू किंवा हाडावरची द्रवाची पिशवी सुजलेली असू शकते. गुडघा दुखला की माणूस बुचकळ्यात पडतो, पण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं जुनंच आहे. चालण्याची ढब बदलली की कंबर आणि दुसरा पायही कुरकुरतात.

सांधा सैल होण्याचं म्हणाल, तर ते बहुतेक वेळा वर्षांनुवर्षांच्या झिजेतून होतं. 2019 साली अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून मांडलेल्या हिशेबात असं दिसलं की साधारण 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षं टिकतात. क्वचित पहिल्या काही आठवड्यांतच दांडा थोडा खाली बसतो, नाही असं नाही. तो एक्स-रेमध्ये दिसतो. पायावर भार दिला की दर वेळी मांडीत दुखत असेल आणि ते आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

आणि सांधा सरकणं? ते गुपचूप होत नाही. एकदम जीवघेणी कळ येते, पाय आखूड आणि आत किंवा बाहेर वळलेला दिसतो, त्यावर उभंच राहता येत नाही. असं झालं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं. पडल्यानंतर अचानक पायावर भार देता येईनासा झाला, तरी तेच. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवायचं, कारण रक्ताच्या गुठळीचा धोका पहिले काही आठवडे, अगदी तीन महिन्यांपर्यंतही असतो. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ती तातडीची वेळ. जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरत जाणं, ताप, हलल्याशिवायही रात्रंदिवस वाढत जाणारा ठणका, ही जंतुसंसर्गाची शंका घ्यायची कारणं आहेत. त्या मजकुरात यातलं एकही लक्षण नाही. साध्या दुखण्याला तो घाबरवतो आणि जिथे खरंच धावायला हवं तिथे गप्प बसतो, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. दुखण्यासाठी आपल्या भाषेत भरपूर शब्द आहेत, ते डॉक्टरांसमोर वापरावेत. रग लागणं वेगळं, चमक निघणं वेगळं, कळ येणं वेगळं, ठणका वेगळा, ओढ बसणं वेगळं. मुंग्या आणि बधिरपणा तर आणखी वेगळे. "खूप दुखतं" म्हटल्यावर समोरच्याला फार काही कळत नाही. "उठताना जांघेत चमक निघते, दहा पावलं चालले की जाते, संध्याकाळी मांडीला रग लागते" असं म्हटलं की अर्धं निदान तिथेच सुरू होतं.

"दुखलं की व्यायाम बंद, पूर्ण विश्रांती."

माझा सातवा आठवडा चालू होता. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत सगळं छान निघालं होतं, काठी सुटली होती. त्या आनंदात एका दिवशी दोन मजले दोनदा चढले-उतरले आणि वर अर्धा तास उभी राहून कपाट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेला बसून मोजा घालायला गेले तर उजवा पाय वर येईना. जांघेत अशी चमक निघाली की हातातला मोजा खाली पडला आणि तो उचलायला वाकताही येईना. पहिल्या आठवड्यात टॉवेलचा फास करून, त्यात पाऊल अडकवून पाय पलंगावर ओढून घ्यायचे. तो टॉवेल मी पुन्हा काढला. वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात तो मजकूर आला. मी दोन दिवस जवळजवळ झोपून काढले. तिसऱ्या दिवशी चमक तशीच होती, वर पाय लाकडासारखा आखडला होता आणि कंबरही धरली होती. मग फोन केला. फिजिओथेरपिस्टनी विचारलं: पडलात का? ताप आहे का? पायावर उभं राहता येतं का? आणि मग, आदल्या दिवशी काय काय केलंत? जिन्यांचा हिशेब सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सांध्याला काही झालं असेल असं वाटत नाही, तरी दाखवून घेऊ. पण झोपून राहू नका." सर्जननी तपासलं, एक्स-रे बघितला. सगळं जागच्या जागी होतं.

मग जे केलं ते असं. चालणं निम्म्यावर आणलं, बंद केलं नाही. एका लांब फेरीऐवजी दिवसातून चार-पाच छोट्या फेऱ्या. जिना फक्त गरजेपुरता. जांघेवर जोर येणारा, पाय सरळ उचलायचा व्यायाम त्यांनी थोडे दिवस थांबवला, बाकीचे चालू ठेवले. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. आणि काठी परत हातात.

काठी परत घेताना मला रडू आलं होतं. म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्यं जास्त. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, कारण एका पायावर उभं असताना कमरेचं हाड कलू नये म्हणून बाजूचे स्नायू जोराने ओढत असतात. काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरली की त्या स्नायूंचं काम हलकं होतं आणि भार कमी होतो. उजवा खुबा तर काठी डाव्या हातात. लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं कितीतरी चांगलं, कारण लंगडण्याची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.

किती दुखलं तर चालेल, यासाठी मला दिलेला नियम सोपा होता. व्यायामानंतर थोडं वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर तेवढं काम शरीराला झेपलं. नाही आलं, तर एक पायरी खाली. आणि वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आज अंतर वाढवलं तर आज जिना नाही. म्हणजे उद्या दुखलं तर कशाने ते कळतं. "दुखलं तरी रेटा" असं सांगणारेही भेटतात. तो सल्लाही मला तितकाच चुकीचा वाटतो.

"पेनकिलर घेतल्या की हाड भरत नाही, सहन करा."

पॅरासिटामॉलने हाड भरायचं थांबतं याला काही आधार नाही. सूज कमी करणाऱ्या काही गोळ्यांचा हाडावर परिणाम होऊ शकतो, पण तोही एकतर्फी नाही: या ऑपरेशननंतर सांध्याभोवती नको तिथे हाड वाढू नये म्हणून काही रुग्णांना त्याच गटातल्या गोळ्या मुद्दाम देतात. त्या मनाने घेऊ नयेत, याची कारणं वेगळी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, शिवाय जठराला आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो.

सहन करण्याने काय होतं? झोप जाते, माणूस हलत नाही, श्वासही उथळ घेतो. न हलल्याने स्नायू आणखी वाळतात, गुठळीचा धोका वाढतो. लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या आधी वेळेवर घेतली तर व्यायाम होतो, एवढं साधं गणित आहे. पॅरासिटामॉलची कमाल मात्रा निरोगी प्रौढाला चोवीस तासांत 4 ग्रॅम. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध असतं, ते या हिशेबात धरायचं. तीव्र, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, सवय लागू शकते. त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या. बऱ्याच जणांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढल्यासारखं वाटतं ते यामुळेच: गोळ्या कमी झालेल्या असतात आणि चालणं वाढलेलं असतं.

"मन खंबीर असेल तर दुखत नाही."

दुखण्याची भीती बसली की माणूस हालचाल टाळतो, झोप उडते आणि दुखणं जास्त जाणवतं, हे खरं आहे. पण त्यावरून ज्याला दुखतं तो मनाने दुबळा, असं म्हणणं निष्ठुरपणाचं आहे. भीती जाते ती माहितीने, आणि "हो, दुखतंय तुला" असं म्हणणाऱ्या जवळच्या माणसाने.

चौथ्या महिन्यात मला पुन्हा एकदा असंच झालं, लांबच्या प्रवासानंतर. या वेळी मी वही काढली. रोज सकाळी उठल्यावर दहापैकी किती दुखतंय आणि आदल्या दिवशी काय केलं, एवढंच लिहायचं. मंगळवार: 6, प्रवास, पाच तास बसून. बुधवार: 5, काठी घेतली, घरातच फेऱ्या. गुरुवार: 5. शुक्रवार: 3, खाली जाऊन आले. रविवार: 2, काठी दाराशी ठेवली. आकडा उतरला नसता किंवा दोन आठवड्यांनीही तिथेच राहिला असता, तर ती वही घेऊन मी सर्जनकडे गेले असते. मावसबहिणीला मी त्या पानाचा फोटो पाठवला, आणि तिच्या ओळखीत कोणाचं खुब्याचं ऑपरेशन झालं तर तो मजकूर न पाठवता आधी त्यांना विचार म्हणून सांगितलं: आज सकाळी कालच्यापेक्षा कसं आहे?