खुलासा: उतारावर न्यूट्रल केल्याने इंधन वाचत नाही

‘घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, इंजिन बंद केलंत तर आणखी उत्तम, पेट्रोल वाचेल’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि इंजिन बंद करण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना हे थोडंफार लागू होतं. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतो. उताराने फिरणारी चाकंच इंजिनाला फिरवतात. आरपीएम (इंजिनाच्या फिरण्याचा वेग) बराच उतरला की इंधनाचा पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये चाकं आणि इंजिन यांची जोडणीच तुटते, मग इंजिन चालू राहायला इंधन जाळावंच लागतं. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल, तर पुढच्या उतारावर शेजारी बसलेल्याला आकडा बघायला सांगा. गाडी गिअरमध्ये असताना तो कमाल मर्यादेला टेकलेला दिसेल.

शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीचा वेग रोखून धरतं ते, जातं. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. इंजिन बंद असेल तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं.

इंधन वाचवायचंच असेल तर टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा, गिअर राहू द्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.