दहा बोटं दाबा, करिअर काढा

स्वभावाला साजेसं करिअर निवडायचं असेल तर आधी स्वभाव बाजूला ठेवा आणि लातूर की कोटा, तेवढं ठरवून टाका. क्लासचा पहिला हप्ता भरला की मग निवांत पोराला स्वभाव तपासायला न्यायचं. आम्ही तसंच केलं. गेल्या महिन्यात, सांगलीच्या विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत. साडेसहा हजार रुपये, जीएसटी वेगळा.

चाचणी बोटांच्या ठशांवरून स्वभाव आणि करिअर सांगणारीच निवडा. तिच्यात पोराला एक शब्दही बोलावा लागत नाही, हा केवढा मोठा गुण! आमचे चिरंजीव नुकतेच दहावीतून सुटलेले. गेली दोन वर्षं शाळा सुटली की कुपवाडला मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानात पडीक. त्यामुळं उजव्या अंगठ्यावर वार्निशचा थर. हिरव्या उजेडाच्या त्या छोट्या यंत्रावर अंगठा काही उमटेना. कौन्सेलर मॅडमनी सॅनिटायझर लावला, टिश्यूनं पुसला, परत दाबला, परत पुसला आणि शेवटी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बोटं फार खराब केलीत हो मुलानं." अशा वेळी सूज्ञ बापानं मान डोलवायची असते. मी डोलवली.

रिपोर्ट कधी पूर्ण वाचू नका. पाहुण्यांना लांबून दाखवा.

मी वाचला, तिथंच चुकलो. 42 पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत गोल तक्ते. आमचा मुलगा 'गरुड' निघाला. शेजारच्या खुर्चीवरच्यांचाही गरुडच. मोर, घुबड, कबूतर अशी बाकीची पाखरंही असतात म्हणे, पण एवढे पैसे भरणाऱ्याच्या घरात कबूतर निघेलच कशाला? गरुडासाठी योग्य क्षेत्रं: डॉक्टर, इंजिनिअर, वकील, कलेक्टर, उद्योजक, वैज्ञानिक, खेळाडू, अभिनेता. आता एवढ्यातून काही सुटतंय का तुम्हीच सांगा. आणि पान 17 वर लिहिलंय, "तिला नृत्याची उपजत आवड आहे." तिला! म्हणजे कुणाच्या तरी मुलीचं पान आमच्या पोराला चिकटलं आणि त्याचं पान कुठं उडून गेलं ते गरुडालाच माहीत. मॅडमना दाखवलं तर म्हणतात, "टायपिंग मिस्टेक आहे सर, आशय तोच."

आशय तोच!

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, पाचव्या महिन्यापर्यंत, पक्क्या होतात आणि मग जन्मभर बदलत नाहीत. म्हणजे करिअरही तेव्हाच पक्कं झालं की. मग दहावीपर्यंत थांबायचं कशाला? बारशालाच उरकून घ्या. आधी अंगठा, मग घुगऱ्या. शाळेची फी वाचेल, रिक्षाकाकांचे पैसे वाचतील. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं केव्हाच जाहीर केलंय, पण त्या डॉक्टरांची तरी बोटं कुणी तपासलीत? असंच अंगठ्याचं यंत्र आमच्या रेशन दुकानातही आहे. तिथं अंगठा दाबला की निदान गहू तरी मिळतो.

फुकटात हवं असेल तर मोबाइलवर प्रश्न विचारून सोळा स्वभावांपैकी एक चिकटवणारी चाचणी मिळते. मूळ चाचणी अमेरिकेतल्या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ युंगचं पुस्तक वाचून बेतलेली, मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नाही. मी सकाळी चहाच्या आधी दिली तर एकलकोंडा निघालो. हळदीचा सौदा बरा झाला त्या संध्याकाळी परत दिली, तर माणसांत रमणारा.

आणि हो, आपल्या भागातल्या जुन्या माणसांची उदाहरणं पोरांपुढं चुकूनही काढू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत म्हटल्यावर चित्रकला सुटली, यांत्रिक ड्रॉइंग शिकले, पुढं बेळगावात सायकली विकल्या आणि 1910 मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा केला. मिरजेतली शिकलगार मंडळी तलवारींना धार लावायची, ती सतार-तंबोरे घडवायला लागली. विटा-खानापूरची माणसं सोनं-चांदी गाळायला पार देशभर पांगली. यातल्या एकाचाही रिपोर्ट काढलेला नव्हता. किती वाया गेली असतील ही माणसं!

चाचणीच्या आदल्याच दिवशी दुकानात वाळव्याच्या एका शेतकऱ्याची जळकी मोटार आली होती. झाकण काढल्या काढल्या पोरगं म्हणालं, "मामा, ही टू फेजवर चाललीय. दोन फेजची कॉइलं काळी पडलीत, तिसरी कोरी आहे बघा." आणि तसंच होतं. मग खाली बसून जुन्या कॉइलचे वेढे मोजून वहीत लिहायला लागलं. मी तिथं स्टुलावर बसून चहा पीत हे सगळं बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला अंगठा पुसायला घेऊन गेलो.

मॅडमचं काय चुकलं? दुकान मांडलंय, गिऱ्हाईक येतंय. लाज आपल्याला वाटायला पाहिजे. सोळा वर्षं पोरगं घरात डोळ्यांसमोर फिरतंय आणि त्याला काय जमतं ते विचारायला आपण यंत्राकडं जातो. का, तर त्याच्या तोंडून 'रिवाइंडिंग' ऐकायची आपली तयारी नाही. चारचौघांत सांगायचं काय, मुलगा मोटारी भरतो? मग गरुड विकत आणायचा. निर्णय आपला, खर्च आपला, आणि उद्या पोरगं कोटाच्या खोलीत तोंड पाडून बसलं की दोष त्याच्या बोटांना. मीही त्यातलाच आहे, क्लासचा पहिला हप्ता मीच भरलाय. परवा परत मागायला गेलो तर ते म्हणाले, हप्ता परत मिळत नाही.

काल त्या मॅडमचा फोन आला होता. धाकटीचा रिपोर्ट काढला तर वीस टक्के सूट. धाकटी पाचवीत आहे. मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.