आमच्या शीटमधला रिकामा रकाना

आमचा एक छोटा गट आहे, अकरा जणांचा. प्रत्येकाने उत्पन्नातला ठरलेला हिस्सा बाजूला काढायचा आणि दर तीन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर बसून तो गरीब देशांत काम करणाऱ्या कुठल्या संस्थांना द्यायचा ते ठरवायचं. समोर एक्सेल शीट उघडी असते: संस्थेचं नाव, एका मच्छरदाणीचा खर्च, किती जीव वाचतील त्याचा अंदाज. गेल्या वर्षी अशाच एका कॉलवर आमच्यातल्या एकाने विचारलं, "उद्या आपण पैसे थांबवले तर तिथलं सरकार हे काम उचलेल, की तोवर त्याची सवयच मोडलेली असेल?" दोन-तीन सेकंद कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "हा राजकारणाचा विषय झाला, आपण आकड्यांवर येऊ."

तो एक जण म्हणजे मी.

प्रश्न विचारणारा आमच्यातला एकटा उजव्या विचारांचा. बाकी आम्ही दहा जण एका माळेचे मणी. त्यामुळे त्याने तोंड उघडलं की आम्हाला आधी त्याचा पक्ष ऐकू यायचा, प्रश्न नंतर, तोही जमलं तर. पुढे अँगस डीटन वाचताना मी चपापलो. 2015 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस हेच तर म्हणतो: जे सरकार आपल्याच लोकांच्या करावर चालतं त्याला लोकांचं ऐकावं लागतं, खर्च बाहेरून भागायला लागला की त्याचे डोळे देणगीदारांकडे लागतात. आणि श्रीमंतांच्या दानामुळे मूळ अन्याय झाकला जातो, ही तर अस्सल डाव्यांची तक्रार. दोन्ही टोकांची माणसं एकाच दुखण्यावर बोट ठेवतात आणि मधले आम्ही शीट भरत बसतो.

पुराव्यावर दान करायची ही पद्धत मला मनापासून पटते, आजही. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने 1972 च्या निबंधात पूर्व बंगालमधल्या उपाशी, बेघर माणसांकडे बोट दाखवून दूर राहणाऱ्यांना अस्वस्थ केलं. 2007 मध्ये कुठल्या संस्थेला दिलेला पैसा जास्त उपयोगी पडतो हे तपासणारी गिव्हवेल आली, 2009 मध्ये ऑक्सफर्डला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायची शपथ घेणारे जमले. पण पुराव्यावर दान करणाऱ्या या चळवळीच्या, म्हणजे इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमवाल्यांच्या, स्वतःच्याच सर्वेक्षणांत बहुसंख्य लोक स्वतःला डावीकडचे म्हणवतात, उजवे अगदी तुरळक. सगळेच जिथे 'मम' म्हणणारे, तिथे आकडे बरोबर येतात, पण कुठले रकाने आखायचे हे आधीच ठरून गेलेलं असतं. एका लहान मुलाचा जीव म्हणजे किती कुटुंबांचं उत्पन्न दुप्पट होणं? हे गणितातून निघत नाही, कुणीतरी ते ठरवतं. श्रेय द्यायचं तर गिव्हवेलच्या सांगण्यावरून घाना आणि केनियातल्या कुटुंबांनाच हे विचारलं गेलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले, आणि तिथल्या लोकांनी लहान मुलांच्या जिवाचं मोल मोठ्यांपेक्षा जास्त लावलं होतं. विचारल्यावर कळलं. म्हणजे विचारावं लागतं.

एड्सचं उदाहरण तर आमच्यासारख्यांनी भिंतीवर लावावं. या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी तज्ज्ञ सांगत होते की आफ्रिकेत औषधोपचार परवडणार नाहीत, त्याच पैशात प्रतिबंधाने जास्त जीव वाचतील. त्या वेळच्या किमती धरल्या तर शीट त्यांच्याच बाजूने होती. 2003 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी गरीब देशांत एड्सवरचे उपचार पोचवणारी पेपफार ही योजना आणली. तिच्यामागे सनातनी ख्रिस्ती मंडळी होती आणि रस्त्यावर उतरणारे एड्स कार्यकर्तेही. एरवी ही माणसं एका खोलीत दहा मिनिटं टिकली नसती. औषधं पुढे कमालीची स्वस्त झाली. अमेरिकी सरकारच्याच अंदाजानुसार या योजनेने सुमारे 2.5 कोटी जीव वाचवले.

हे वाचून कुणी 'मग कोटा ठेवा' म्हणेल. नको. लस म्हणजे कारस्थान मानणारा माणूस मला गटात नकोच आहे. आणि धार्मिक देणगी-मंडळांतही हाच रोग उलट्या बाजूने दिसतो, तेव्हा उजव्यांनीही फार हुरळून जाऊ नये. मला एवढंच हवंय की वेगळा बोलणारा माणूस बोलला तर पैशाची दिशा बदलण्याची शक्यता तरी असावी. नुसतं त्याला शोभेला बसवायचं असेल तर तो न आलेलाच बरा.

आमचा तो मित्र हल्ली कॉलवर येत नाही. भांडण वगैरे काही नाही. आधी 'आज जमत नाही' असे मेसेज यायचे, मग तेही थांबले. मी शीटमध्ये एक रकाना वाढवलाय, 'आपण थांबल्यावर?' नऊ संस्थांपैकी सातांपुढे तो कोराच आहे. परवाच्या कॉलवर पैसे पुन्हा मच्छरदाण्यांना गेले. त्यांच्यापुढेही तो कोराच होता, आणि हात मीही वर केला. त्याला फोन मात्र अजून केलेला नाही.