बर्लिंग्टनची सभा आणि आमची लिफ्ट

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीच्या आधी एक भांडण ठरलेलं असतं. या वर्षी विषय निघाला पणजोबांचा. गावातल्या ज्या लोकांना आमच्या विहिरीवर येऊ दिलं जात नसे, त्यांच्या घागरीत म्हणे वरून पाणी ओतलं जाई. भाचीने विचारलं, मग आपण पणजोबांच्या नावाने शाळेत बक्षीस का देतो? काकांनी लिहिलं, ‘त्या काळी तसंच होतं गं. माणसाला त्याच्या काळाच्या फूटपट्टीने मोजावं.’ खाली अकरा अंगठे उमटले. त्यातला एक माझा होता.

मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते. अंगठा दिल्याच्या पुढच्याच शनिवारी जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूवर कामाला गेले होते. तिथे ५१०९ क्रमांकाशी रस्त्याच्या कडेला एक निळी पाटी आहे. येताजाता अनेकदा पाहिलेली, कधी थांबून न वाचलेली. त्या दिवशी वाचली आणि काकांची फूटपट्टी आठवली.

१६८८ सालच्या एप्रिलमध्ये इथे चौघा शेजाऱ्यांनी गुलामगिरीविरुद्धच्या एका निवेदनावर सह्या केल्या. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स, आणि डेरिक व अब्राहम ओप डेन ग्रेफ हे दोघे भाऊ. जर्मन-डच मुलखातून येऊन चार-पाच वर्षंही धड झालेली नव्हती. इंग्रजी मोडकंतोडकं. आपल्या पंथाच्या छळाला कंटाळून लोक इथे येत होते, कारण विल्यम पेनच्या या वसाहतीत ज्याला जसं भजायचं तसं भजायची मुभा होती. पेन स्वतः क्वेकर, आणि क्वेकर म्हणजे प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा उजेड आहे असं मानणारे, युद्ध वर्ज्य समजणारे लोक. पण १६८४ मध्ये ‘इसाबेला’ जहाजातून दीडशे आफ्रिकी माणसं फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरली, ती विकत घेणाऱ्यांत क्वेकरही होते. पेनकडेही गुलाम होते.

निवेदनाची भाषा ओबडधोबड, पण युक्तिवाद सरळ डोळ्यांत पाहणारा आहे. समुद्रात अनोळखी गलबत दिसलं की आपली माणसं कशी घाबरतात, तुर्क असेल, धरून नेऊन विकेल म्हणून! मग आपण करतो ते तुर्कांहून चांगलं कसं? इथे मनाला स्वातंत्र्य आहे, मग शरीराला का नको? हॉलंड-जर्मनीतले लोक ऐकतील की क्वेकर माणसांना गुरांसारखं वागवतात, तेव्हा काय म्हणतील? (‘लोक काय म्हणतील’ याचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.) आणि एक वाक्य तर शस्त्र न धरणाऱ्यांच्या कागदावर वाचून दचकायला होतं: तुम्हाला त्यांना गुलाम ठेवायचा जेवढा हक्क, तेवढाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढायचा हक्क नाही का?

म्हणजे १६८८ साली, ‘त्या काळी’, हे सगळं माणसांना दिसत होतं. तत्त्वज्ञ असायची गरज नव्हती, भाषाही नीट यायला नको होती. आणि ज्यांना विकलं जात होतं त्यांना तर ते जहाजात पाय ठेवण्याआधीच कळलेलं होतं. ‘त्या काळाची फूटपट्टी’ म्हणताना आपण नेहमी विहिरीच्या मालकाची फूटपट्टी हातात घेतो, घागर घेऊन खाली उभ्या असलेल्याची घेत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते या कागदाचं पुढे काय झालं त्याबद्दल. तो आधी क्वेकरांच्या स्थानिक मासिक सभेत गेला. सभेचं मत पडलं की विषय फार जड आहे, आम्ही यात हात घालणं सोयीचं नाही, वर पाठवा. वरच्या त्रैमासिक सभेने आणखी वर पाठवला. न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला भरलेल्या वार्षिक सभेने नोंद केली की या बाबीचा इतर अनेक ठिकाणांशी संबंध असल्याने या सभेने निश्चित निर्णय देणं उचित होणार नाही. कोणी विरोध केला नाही, शिवीगाळ नाही, कागद फाडला नाही. फाइल झाली. १८४४ मध्ये तो सापडला, पुन्हा हरवला आणि २००५ साली फिलाडेल्फियातल्या एका सभागृहाच्या तिजोरीतून बाहेर आला.

ज्याने महाराष्ट्रात एकदा तरी सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्याला बर्लिंग्टनची भाषा समजावून सांगावी लागणार नाही.

क्वेकरांना आतून बदलायला पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली. त्यातली बेंजामिन ले या माणसाची गोष्ट इथे पुन्हा बरीच सांगितली जाते. जेमतेम चार फूट उंची, पाठीला कुबड, बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिलेले. अ‍ॅबिंग्टनजवळ गुहेत राहायचा, स्वतः सूत कातून कपडे करायचा, गुलामांच्या कष्टातून येते म्हणून साखरेला शिवायचा नाही. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्याच वार्षिक सभेत तो अंगरख्याखाली सैनिकी कोट आणि तलवार लपवून गेला. हातात आतून पोखरलेलं पुस्तक, त्यात जनावराच्या मूत्राशयाची पिशवी, तिच्यात पोकबेरीचा लालभडक रस. बोलता बोलता त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि शेजारच्या प्रतिष्ठितांच्या अंगावर ‘रक्त’ उडालं. त्याला उचलून बाहेर टाकलं. समाजातून तर आधीच काढला होता. त्याचं गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक ज्या बेंजामिन फ्रँकलिनने छापलं, त्याने त्यावर छापखान्याचं नाव घातलं नाही, आणि फ्रँकलिनच्या घरीही गुलाम होते.

ले मला आवडतो, पण जवळचा वाटतो तो जॉन वुलमन. न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीला दुकानात कामाला असलेला तरुण. मालकाने एक दिवस सांगितलं, आपली काळी बाई विकली आहे, विक्रीचा कागद लिही. घेणारा समोर बसलेला, वयस्कर, त्यांच्याच सभेतला. वुलमनने लिहिला. मन खात होतं, तसं त्याने दोघांना बोलूनही दाखवलं, पण कागद लिहिला तो लिहिलाच. ती सल त्याला जन्मभर पुरली. पुढे एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहायला बोलावलं. वुलमनने सगळं लिहिलं, गुलाम बाई कोणाला द्यायची तेवढा भाग मोकळा सोडला, अंथरुणापाशी बसून वाचून दाखवलं आणि स्नेहाने म्हणाला, हे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. दोघं बोलत बसले. शेजाऱ्याने तिला मुक्त करायचं कबूल केलं, मग मृत्युपत्र पुरं झालं.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कामकाजातून बाजूला केलं आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जायला माणसं नेमली. त्यात वुलमन होता. म्हातारा ले ती बातमी ऐकून म्हणाला, आता सुखाने मरेन, आणि पुढच्या वर्षी गेला. १७७६ पर्यंत नियम झाला: गुलाम सोडा, नाहीतर समाज सोडा. १७५८ च्या त्या निर्णयाच्या दोन वर्षं आधी, १७५६ मध्ये, बरेच क्वेकर युद्धाच्या प्रश्नावरून वसाहतीच्या विधिमंडळातून बाहेर पडले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. सत्ता सुटू लागली तेव्हा विवेकाला जागा झाली, असं मला वाटतं. आणि गुलाम सोडले म्हणून शेजारी बसवलं असं नाही. काळ्या माणसांना सभासद करून घ्यायचं १७९६ मध्ये ठरलं, आणि त्यानंतरही त्यांचा बाक वेगळा राहिला.

आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवण्यात त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीसाठी. तो कित्ता आपल्या लोकांनी गिरवावा अशी त्यांची आशा होती. इथल्या मराठी मंडळात हे अभिमानाने सांगितलं जातं. पण २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात जातिभेदबंदीचं विधेयक आलं, तेव्हा याच मंडळींत सूर निघाला की जात आपण तिकडेच सोडून आलो, उगाच हा विषय कशाला. गव्हर्नरने ते नाकारलं, सध्याच्या कायद्यात हे आधीच येतं म्हणून. काहींनी पेढे वाटले. मला बर्लिंग्टनचं इतिवृत्त आठवलं.

क्वेकरांची आणखी एक सवय मला इथे राहून कळली. राजा असो की मोलकरीण, ते सगळ्यांना एकवचनातच बोलत, कोणापुढे टोपी काढत नसत. त्यासाठी तुरुंगातही गेले. आमच्याकडेही अरे-तुरे आहेच, फक्त ते खालच्या दिशेने वाहतं. पुण्यातल्या आमच्या घरी साठीच्या मावशींना माझा पुतण्या ‘तू’ म्हणतो आणि मावशी त्याला ‘दादा’.

त्याच सोसायटीत कामवाल्यांनी मागच्या लिफ्टनेच यायचं असा फलक आहे. मागची लिफ्ट सहा महिन्यांत चार वेळा बंद पडली. आमचं घर सातव्या मजल्यावर आहे, मावशींचे गुडघे गेलेत. मार्चच्या सभेत एका तरुण भाडेकरूने हा विषय काढला. मी इथून ऑनलाइन होते, पुण्याचे सकाळचे अकरा म्हणजे आमचे मध्यरात्रीनंतरचे दीड. भाडेकरूला मत नसतं, असं कोणीतरी म्हणालं. मला मत होतं. मी कॅमेरा बंद ठेवला. नंतर इतिवृत्त आलं: ‘सदर विषय धोरणात्मक असल्याने पुढील सभेत विचारार्थ घ्यावा.’

पुढची सभा दिवाळीनंतर आहे. अध्यक्ष तेच काका आहेत, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी बाबांना रात्री अडीच वाजता स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. मी त्यांना लिहायला घेतलेली ईमेल गेले तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून आहे.