निकाल ९९ टक्के, पण नववीत सुटलेल्यांचं काय?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटले जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. मलाही अभिमान आहे, एकवीस वर्षं मी इथेच गणित शिकवते आहे. पण हा टक्का परीक्षेला बसलेल्या मुलांचा. ज्याची शाळा नववीतच सुटली, तो या हिशेबात कुठेच नाही.

आणि मूल एका दिवसात सुटत नाही. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावरच्या शिक्षकांना विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा पोरगा वर्गात असतो. भातलावणीला दोन-चार दिवस घरी राहतो, ते भरून निघतं. ऑगस्टात बोटी पाण्यात गेल्या की हजेरीपटावर गैरहजेरी दिसायला लागते. आधी सोमवार, मग सोमवार-मंगळवार, मग गणपतीची सुट्टी. परत येतो तेव्हा बहुपदी शिकवून झालेली असते. विचारायची लाज वाटते म्हणून तो मागच्या बाकावर जातो. दिवाळीनंतर येतच नाही.

असाच एक मुलगा होता. जाळ्याच्या दोरीनं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, खडू धरतानाही अंगठा बाजूला घ्यायचा. तीन छेद चार अधिक पाच छेद सहा. त्यानं वरचे वर मिळवले, खालचे खाली, आणि लिहिलं आठ छेद दहा. पोरगा सहावीतच अडकला होता आणि आम्हा एकाही शिक्षकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. मग महिनाभर परिपाठाच्या आधी रोज वीस मिनिटं फक्त अपूर्णांक केले. दहावीला गणितात त्याला ४६ मिळाले.

जादा तास शाळा सुटल्यावर ठेवतात, तेही मला पटत नाही. पाचची एसटी चुकली तर वाडीवर जायला थेट रात्रीची वस्तीची गाडी. मुलींना पास मोफत आहे, तो मोठाच आधार, पण अंधारात उतरायचं म्हटल्यावर कोणते आईबाप थांबू देतील? सकाळची गाडी मात्र साडेनऊला पोचते आणि शाळा अकराला भरते. तो दीड तास वापरा.

घरच्यांनाही सांगायला हवं, की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते, शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे माहीत नसल्यामुळे किती पोरं कायमची बोटीवर गेली!

बोटमालकांना हात जोडून विनंती, शाळेच्या दिवसांत नववी-दहावीच्या मुलाला नेऊ नका. आणि शिक्षकमित्रांनो, सलग तीन दिवस मूल आलं नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जा.

आमच्या नववीत या आठवड्यात अशी चार नावं आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी जेटीकडच्या वाडीत जाते आहे. गावातल्या कुणाला बरोबर यायचं असेल तर सव्वाबाराला शाळेच्या गेटपाशी या.