वितळला, तर तो रूपांतरित खडक नव्हेच

खडकांच्या चक्राचं एक सुबक चित्र सध्या बरंच फिरतंय. त्याखाली चार वाक्यं आहेत: "खडक खोल गेला की वितळतो आणि थंड होऊन रूपांतरित खडक बनतो. जितका खोल, तितका बदल जास्त. याला कोट्यवधी वर्षं लागतात. कोळशाचा हिरा असाच होतो." चित्र कुणीही जपून ठेवावं असं आहे, पण वाक्यं तशीच सोडून देण्यासारखी नाहीत.

"वितळतो." सगळा घोळ इथून सुरू होतो. वितळून थंड झालेला खडक तो अग्निज. रूपांतरण होतं ते खडक घन असतानाच: जुनी खनिजं मोडतात, त्यांच्याच अणूंमधून नवी जुळतात, बारीक कणांचे मोठे स्फटिक होतात. चुनखडकाचा संगमरवर होतो तो असाच, एक थेंबही न वितळता. काही पाटीच्या दगडांत ट्रायलोबाइट या नामशेष सागरी प्राण्याचे जीवाश्म सापडतात. ताणले गेलेले, वाकडे झालेले, तरी ओळखू येणारे. दगडाचा रस झाला असता तर ते उरले असते का? चित्रवाल्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की पाण्याचा अंश असलेला मातकट खडक साधारण 650 अंश सेल्सिअसच्या पुढे थोडाथोडा वितळू लागतो आणि त्यातून मिग्मटाइट हा अर्धामुर्धा खडक तयार होतो. पण ती रूपांतरणाची वेस झाली.

"जितका खोल, तितका बदल जास्त." हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त फसवं. एकाच चिखलाच्या खडकाचं, म्हणजे शेलचं, काय काय होतं बघा. शेजारी शिलारस घुसला, तर फारसं खोल न जाताही तो भाजून निघतो आणि हॉर्नफेल्स होतो: कठीण, घट्ट, पापुद्रे नसलेला, कारण त्याला एका दिशेने रेटणारं काही नव्हतं. तोच शेल दोन भूखंडांच्या टकरीत सापडला, तर अभ्रकाच्या चकत्या दाबाच्या दिशेला आडव्या रचल्या जातात आणि स्लेट (पाटीचा दगड), फिलाइट, शिस्ट, नाइस असा क्रम लागतो. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी 1893 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात खनिजं बदलत जाताना पाहून या वाढत्या रूपांतरणाचे पट्टे नकाशावर मांडले. तिसरी तऱ्हा आणखी निराळी. सागरतळाचा थंड भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली झपाट्याने सरकतो, तेव्हा दाब प्रचंड वाढतो, पण खडकाला तापायला सवड मिळत नाही. तिथल्या बेसॉल्टचा निळसर ब्लूशिस्ट होतो. एरवी तीस किलोमीटर खोलीवर असते त्याहून कितीतरी कमी उष्णता त्याला मिळालेली असते. म्हणून नुसती खोली विचारून उत्तर मिळत नाही. तापमान किती, दाब किती आणि तो कुठल्या दिशेने, हेही विचारावं लागतं.

चित्रात पाण्याचं तर नावही नाही. सागरतळाच्या मध्यवर्ती पर्वतरांगांत समुद्राचं पाणी भेगांतून तापलेल्या बेसॉल्टमध्ये शिरतं आणि त्यातली खनिजं बदलून टाकतं. तिथे ना मोठी खोली, ना टक्कर.

"कोट्यवधी वर्षं." पर्वत उभे राहताना, हो. अशनी आदळतो तेव्हा मात्र डोळ्याचं पातं लवण्याआधी काम उरकतं. कोएसाइट हे क्वार्ट्झचं अतिदाबातलं रूप 1953 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1960 मध्ये ॲरिझोनातल्या अशनी-विवरात नैसर्गिकरीत्या सापडलं.

"कोळशाचा हिरा." बहुतेक हिरे सुमारे 150 किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रावरणात म्हणजे भूकवचाखालच्या थरात तयार झालेत आणि त्यातले कित्येक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. ज्या वनस्पतींचा कोळसा होतो, त्या जमिनीवर आल्या त्याला पन्नास कोटी वर्षंही झाली नसावीत. मग हिऱ्याला कोळसा कुठून मिळणार? रूपांतरणात कोळशाचा आधी अँथ्रासाइट हा कठीण कोळसा होतो आणि आणखी तापला, दाबला गेला तर ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं.