चुंबक पडला, म्हणून स्टील चांगले?

दादरला भांडी घ्यायला जावे, तर हल्ली आधी चुंबकाचा खेळ पाहावा लागतो. दुकानदार पातेल्याला चुंबक लावतो, तो चिकटत नाही, आणि "बघा ताई, एक नंबर स्टील" असे अशा थाटात ऐकवले जाते की पुढे काही विचारणाऱ्यालाच अडाणी ठरल्यासारखे वाटावे. ही सरळसरळ धूळफेक आहे. चांगल्या भांड्यांच्या, म्हणजे 304 दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 200 मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, आणि चुंबक सहसा या दोन्हींना चिकटत नाही. उलट दाबून घडवलेल्या अस्सल 304च्या काठाला तो किंचित ओढलाही जाऊ शकतो, म्हणजे या परीक्षेत चांगलेच भांडे नापास व्हायचे!

फरक कळतो तो घरी आल्यावर. आमसुलाचे सार रात्रभर राहिलेल्या नव्या पातेल्याच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके उमटले, घासणी झिजली तरी ते हलले नाहीत, आणि तक्रार घेऊन गेल्यावर उत्तर मिळाले, "तुमच्याकडचे पाणी खारट असेल." भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी पिणाऱ्या मुंबईकराला हे सांगायला जीभ कशी रेटते?

कानांची कथा तर याहून संतापजनक आहे. आईने तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून आणलेल्या कढईचे कान जाड रिवेट ठोकून बसवलेले आहेत आणि ती अजून रोज चुलीवर चढते. माझ्या कढईचे कान वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर तगून होते, आणि तळणाचे गरम तेल आत असताना त्यातला एक सुटला. कोणी भाजले नाही, हे केवळ नशीब. पत्रा इतका पातळ की पुन्हा जोडून द्यायला कारागीर तयार होत नाही, "नवीनच घ्या" म्हणतो. कुकरची रिंग, शिट्टी, दांडा कोपऱ्यावरच्या दुकानात सुटे मिळतात, म्हणजे दुरुस्त होईल अशी वस्तू बनवणे या धंद्याला जमत नाही असे मुळीच नाही. पूर्वी भांडे वजनावर घेतले जाई, त्यामुळे पातळ पत्रा काट्यावर लगेच उघडा पडे. आता नगावर विकतात आणि चकाकीचे पैसे लावतात.

स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने 2024 मध्ये काढला. ते चिन्ह कुठे आहे असे विचारले, तर दुकानदार बुडावरचे कंपनीच्या नावाचे स्टिकर दाखवतो. मग निदान पावतीवर स्टीलचा दर्जा आणि भांड्याचे वजन लिहून द्या, एवढेच मागितले, तर त्याने लिहिले: "स्टील कढई, नग 1."